घरी नसलेल्याची वलांडी आधी

वहिनी, तुझ्याबद्दल लिहायला बसले आणि कागदावर पहिलं नाव उतरलं ते कुसुमचं. खोडलं, तर पुन्हा तेच. तू असतीस तर हसली असतीस. म्हणाली असतीस, "बघ, मेले मी आनि घरात फिरते ती." तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. त्यातले निम्मे मी तुझ्यासाठी रडण्याऐवजी तिच्यावर दातओठ खाण्यात घालवले. हे तुला आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याहून वाईट आहे.

तुझ्या दहाव्याला ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, जनीसारखी सोशीक बाई घिवलीत झाली नाही. ऐकून माझं टाळकं फिरलं. सोशीक म्हणजे जिला लागतं आणि तरी जी गप्प बसते ती. तुला बऱ्याच गोष्टी लागतच नव्हत्या. अंगावरची वाळू झटकावी तशी तू झटकायचीस आणि पुढच्या कामाला लागायचीस. सात वर्षं तुझ्या वतीनं मी जळले आणि तू आपली दोऱ्या ताणत राहिलीस. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. तू गेलीस म्हणून करेन असंही समजू नकोस.

दादाची बायको होऊन तू आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते, केसांत उवा आणि नाकाला शेंबूड. लग्नाची हळद अंगावर असतानाच तू मला मासळी सुकवायच्या खळ्यावर नेलंस. बांबू रोवून, त्यांना दोऱ्या ताणून केलेल्या वलांडीपाशी उभं केलंस आणि बोंबील टांगायला शिकवलंस. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एकटा बोंबील दोरीवर टिकत नाही, वाऱ्याने घसरतो. माझे दहातले आठ खाली वाळूत पडले. मी वाऱ्याला शिव्या दिल्या. तू पडलेले उचलून धुतलेस आणि म्हणालीस, "वलांडी आपली. वारा आपला नाय." मला वाटलं हे बोंबलांबद्दल आहे. पुढे माझं लग्न झालं, सालवडला बिऱ्हाड झालं, शाळेत बाई झाले, तरी दर रविवारी बोंबील टांगायला मी घिवलीला यायचे, आणि दर रविवारी तू ते एकदा तरी म्हणायचीस. कधी माशांबद्दल, कधी अणुवीज केंद्राच्या, समुद्रात पुढे सरकणाऱ्या भिंतीबद्दल, कधी माझ्या मूलबाळ नसण्याबद्दल.

दुसरी गोष्ट तू शिकवलीस ती खळ्याची रीत. खळ्याच्या टोकाला ते लोखंडी पिंप उभं आहे. ढग ज्याला पहिला दिसेल त्याने पिंपावर काठी मारायची, आणि मग सगळ्यात आधी उतरवायची ती घरी नसलेल्याची वलांडी. आपली शेवटी. यात भांडण, अबोला काही चालत नाही. ज्यांचे कोर्टात दावे चालू आहेत अशा सख्ख्या भावांना मी पावसात एकमेकांचे बोंबील उतरवताना पाहिलंय. टोपल्या खाली ठेवल्या की पुन्हा तोंडं फिरवून चालू लागायचे.

म्हणूनच कुसुमने केलं ते मला विसरता आलं नाही. ती तुझी पंचवीस वर्षांपासूनची शेजारीण, वलांडीला वलांडी लागलेली. सात वर्षांपूर्वीच्या चैत्रात दादाची उजवी बाजू लुळी पडली आणि तू त्याला घेऊन बोईसरच्या दवाखान्यात होतीस. तुझ्या सगळ्या दोऱ्या भरलेल्या होत्या, पावसाळ्याची अख्खी बेगमी. अवकाळी आला तेव्हा खळ्यावर ती एकटी होती. तिने पिंप वाजवलं नाही. स्वतःचे बोंबील उतरवले, टोपल्या भरल्या आणि घरात गेली. संध्याकाळी तू माझ्यासोबत डबा न्यायला घरी आलीस तर तुझे बोंबील फुगून दोरीवर लोंबत होते, आणि तिच्या ओट्यावर कोरड्या टोपल्या रचलेल्या. कुणी चुगली करायची गरजच नव्हती. टोपल्याच बोलत होत्या.

आणि कारण काय, तर समुद्राने किनारा खाल्ला म्हणून सगळ्यांनी वलांड्या आत घेतल्या, तेव्हा तुझा एक बांबू तिच्या हद्दीत हातभर गेला होता. हातभर.

तू काय केलंस? भिजलेले उतरवलेस, वाडीवाल्याला खताला देऊन टाकलेस, दोऱ्या धुऊन वाळत घातल्यास, आणि डबा घेऊन दवाखान्यात परत गेलीस. जाताना तो बांबू उपटून हातभर अलीकडे रोवलास. माझ्या डोळ्यांसमोर. मी विचारलं, तिला जाऊन जाब नाही विचारणार? तू म्हणालीस, "इचारून सुकनार हायत काय?"

त्या पावसाळ्यात घरात विकायला काही नव्हतं म्हणून तू बोईसरला कंपनीत लागलीस, बाटल्यांना झाकणं लावायला. जन्मात कुणाच्या हाताखाली न राबलेली तू, आठ-आठ तास उभी. शेजारच्या पोरींशी बोललीस की सुपरवायझर ओरडायचा, "मौसी, बात मत करो." तू त्याला सांगितलंस, "बात नाय करती, मन में बोलती." घरी येऊन हे तू मोठ्या ऐटीत सांगायचीस. मी तुझ्या सुजलेल्या पायांकडे बघत होते आणि कुसुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून तू म्हणालीस, "उबी रा सांगितलंन, उबी रायली. मनात कुटं जायचं ते थोडंच सांगितलंन? मनात मी दिसभर खळ्यावर असते."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ते वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहिलं असतं. तेव्हा मात्र मला तुझाच राग आला. माणसाला गुलामीत ठेवायचं असेल तर त्याला हेच शिकवावं, असं काहीतरी मी बोलले. तू म्हणालीस, मंग तू सांग, मी तिथं उभं राहून कुसुमचा विचार केला असता तर पाय कमी सुजले असते का? यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही. पण उत्तर नाही म्हणून राग थोडाच जातो.

तू सूड घेतला नाहीस, तर तो मी घ्यायचं ठरवलं. सात वर्षं मी कुसुमशी बोलले नाही. माझ्या घरच्या हळदीकुंकवाला तिच्या चुलत जावेला बोलवायचे, तिला नाही. बोईसरच्या बाजारात ती सुकी मासळी घेऊन बसते. मी मुद्दाम तिच्यासमोर उभी राहून बोंबील हातात घ्यायचे, मोडून बघायचे, नाक मुरडायचे आणि शेजारच्या बाईकडून घ्यायचे. तिच्या मुलीचं केळव्याला लग्न ठरलं तेव्हा मी देवीला नारळ बोलले होते की त्या दिवशी पाऊस पडू दे. पडला नाही. तो नारळ मी अजून दिलेला नाही. माझा नवरा सांगलीकडचा, त्याला मासळीतलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं तो म्हणायचा की तुझ्या वहिनीचं नुकसान एका दिवसात झालं, तुझं अजून चालू आहे. त्या दिवशी त्याला मी भाजीत मीठ घातलं नाही.

मी वाट बघत होते, वहिनी. असा एक दिवस येईल की कुसुम घरी नसेल, ढग येईल आणि खळ्यावर मी एकटी असेन. तुला मी हे बोलूनही दाखवलं होतं. शेवटच्या रविवारी.

त्या रविवारी तू टांगत होतीस आणि मी टोपलीतून जोड्या लावून देत होते. पलीकडे कुसुम तिच्या दोऱ्या बांधत होती. तू तिला हाक मारून विचारलंस, मुलगी कशी आहे, कितवा महिना लागला. मला ते सहन झालं नाही. मी हातातले बोंबील टोपलीत आपटले आणि म्हटलं, माझ्या हातात एकदा संधी येऊ दे, मग बघ. तू वळूनही बघितलं नाहीस. दोरीवर जोडी टाकता टाकता म्हणालीस, "तुजा राग तू पाळलाय, शैले. पाळलं की रोज खायला घालावं लागतं."

मी चहा न घेता निघाले. दादा ओट्यावरून त्याच्या जड जिभेने चहा, चहा म्हणत होता, मी थांबले नाही. सहा आसनी रिक्षात बसल्यावर मला चार चांगली उत्तरं सुचली. पुढच्या रविवारी देईन म्हणून ती मनात घोळवून पाठ केली. सोमवारी सकाळी तू चहाचं आधण ठेवलंस आणि ओट्याला टेकून खाली बसलीस ती उठलीच नाहीस. ती चार उत्तरं माझ्याकडे तशीच राहिली. त्यातली दोन तर आता आठवतही नाहीत.

सुतकात घरच्यांनी मासळीला हात लावायचा नाही, म्हणून तू रविवारी टांगलेले बोंबील दोरीवरच होते. बारा दिवस कुसुमने आपल्याकडे जेवण आणलं. पिठलं, भात, कधी वालाचं बिरडं. दादाला ती घास घास भरवायची. मी तिच्या डब्यातलं एकही शीत खाल्लं नाही, माझं ताट मागच्या दारी कावळ्यांना गेलं. चौथ्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, जनीचे बोंबील सुकले, मी उतरवून ठेवू का? शेजाऱ्यांनी उतरवायचे हीच रीत आहे. मी म्हटलं, राहू दे. तुझ्या हातच्या शेवटच्या जोड्यांना तिचा हात लागायला नको होता. तेव्हापासून ती रोज खळ्यावर बसून तुझ्या दोऱ्यांवरचे कावळे हाकायची. मी खिडकीतून बघायचे आणि स्वतःला सांगायचे, पाप धुतेय.

बारावं झालं, पाहुणे गेले. मी दादाजवळ राहिले. बोंबील उतरवायचे होते, पण तुझ्या बोटांनी अडकवलेले जबडे मला सोडवावेसे वाटेनात. उद्या करू, उद्या करू म्हणत दोन दिवस काढले.

चौदाव्या दिवशी दुपारी आभाळ समुद्राकडून भरून आलं. गावात लग्न होतं. बोटी दोन दिवस गेल्या नव्हत्या, खळं रिकामं होतं. भरलेल्या वलांड्या दोनच. तुझी, आणि शेजारी कुसुमची. कुसुम सकाळीच केळव्याला गेली होती, मुलीचे दिवस भरत आलेत म्हणून. बाकीचा गाव पलीकडच्या आळीत हळदीला, बेंजो इतका जोरात की कुणाला कशाचं भान नाही. मी खळ्यावर उभी होते आणि केंद्राच्या चिमणीमागून तो काळा ढग खाली उतरताना माझ्या डोळ्यांनी बघत होते.

मला काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला. पोटातून आनंद झाला, वहिनी.

मी पिंपाकडे गेले नाही. तुझ्या वलांडीकडे गेले. रीत माझ्या बाजूनेच आहे असं मी मनाशी म्हटलंसुद्धा. घरी नसलेल्याची आधी, आणि तुझ्याइतकं घरी नसलेलं कोण? शिक्षकी पेशा, मुद्दा मांडता येतो. ओट्यावर दादा डाव्या हाताने काठी आपटत होता. त्याला पिंप वाजवायचं होतं, जिभेवर शब्द येत नव्हते, म्हणून तो फरशीवर काठी आपटत होता आणि कुसुमच्या दोऱ्यांकडे बघत होता. मी त्याला ओरडून गप्प केलं. तुझ्या जोड्या सोडवल्या, टोपल्या भरल्या, छपराखाली आणल्या, आणि तरीही वेळ उरला होता. पाऊस अजून झाडांच्या पलीकडे होता. तिचे निम्मे तरी सहज निघाले असते. मी चुलीपाशी जाऊन बसले.

वीस मिनिटं पडला असेल. पण पडला तो धो धो.

संध्याकाळी कुसुम आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघत होते. हा क्षण मी सात वर्षं मनात रंगवला होता. ती ऊर बडवेल, तळतळाट देईल, आणि मग मी बाहेर जाऊन शांतपणे म्हणेन, विचारून सुकणार आहेत का? तुझंच वाक्य तिच्या तोंडावर मारायचं ठरलेलं होतं. ती ओरडली नाही. दोरीपाशी उभी राहिली, एका भिजल्या जोडीला हात लावला आणि तुझ्या ओट्यावर आली. दादाने मान खाली घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुझ्या कोरड्या टोपल्या मी ओट्यावरच रचून ठेवल्या आहेत. सात वर्षांपूर्वी जशा तिच्या होत्या तशाच. इतकी वर्षं जिला चोर म्हणत होते तिची चोरी ज्याने कळली, तेच मी विसरले.

तिने टोपल्या बघितल्या. एक बोंबील उचलला, वाकवला. कडकन मोडला.

"जनीचे वाचले ना?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि घरी गेली.

रात्रीचं जेवण मला गेलं नाही. दादाने माझ्याकडे पाठ केली ती सकाळपर्यंत. सूड इतका बेचव असेल असं वाटलं नव्हतं. सकाळी मी खळ्यावर गेले. कुसुम भिजलेले बोंबील काढून गोणीत भरत होती. मी दोरीच्या या टोकाला उभी राहिले. सात वर्षांत तिला उद्देशून पहिलंच धड वाक्य मी बोलले.

"मी ढग बघितला होता."

तिचा हात थांबला नाही. दोन जोड्या तिने गोणीत टाकल्या, मग म्हणाली, "मी पन. तवा."

सात वर्षं मला हेच तिच्या तोंडून हवं होतं. चार माणसांत, खळ्यावर, गावकीसमोर. आता मिळालं तर त्याचं काय करायचं ते कळेना. मी विचारलं, मग वहिनीला का नाही सांगितलंस कधी? कुसुम पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. म्हणाली, किती वेळा आले. दवाखान्यातून तुम्ही परत आलात त्या रात्रीसुद्धा आले, मुलीच्या लग्नाआधी आले. तोंड उघडलं की जनी हात वर करायची.

"म्हनायची, ते तुजं हाय. तुज्याकडंच ठेव."

वहिनी, मी वाळूत बसले. मला वाटत होतं तू सोडून दिलंस. अगं, तू सोडलं नव्हतंस, तू फक्त उचललं नव्हतंस. पावसाने भिजवलेले बोंबील तू तुझे मानलेस, उतरवलेस, खताला दिलेस. पण कुसुमने न वाजवलेलं पिंप, ते तू तिच्याच दारात ठेवलंस, आणि सात वर्षं तिची विचारपूस करत राहिलीस. मी नारळ बोलत होते, नाकं मुरडत होते, आणि माझ्या सगळ्या सुडांपेक्षा कठोर ते तू एक हात वर करून करत होतीस. तुला तो सूड वाटत होता का? मला नाही वाटत. तुला ते साधं खरं वाटत असणार. पण कुसुमला विचार. ती हे सांगताना रडत होती.

यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे. एकदा ऐकून घेतलं असतंस तर तुझं काय जात होतं? आणि मला सांगितलं असतंस की ती येऊन जाते, तर माझी सात वर्षं वाचली असती. तू म्हणशील, तू कधी विचारलंस? तू तर नुसती सांगत होतीस.

मी कुसुमच्या गोणीचं तोंड धरलं. तिने पुढच्या जोड्या त्यात टाकल्या. आमची काही मैत्री झालेली नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. तिच्याबद्दलचा राग पूर्ण गेला असंही नाही. सकाळी तिचा आवाज ऐकला की तो अजून जागा होतो, फक्त त्याला खायला काय घालायचं ते आता सुचत नाही. दुपारी दादाने तिच्या हातून घास घेतला, मग माझ्या हातून.

तुझे बोंबील टोपलीतच आहेत. एक जोडी मी मोडली नाही, जबड्यात जबडा तसाच आहे. ती मी सालवडला नेणार आहे. नवरा वासाने ओरडेल, ओरडू दे.

एका बाबतीत मात्र मी कुसुमपेक्षा नशीबवान आहे. तिला तू हात वर करून थांबवलंस, मला थांबवायला तू उरली नाहीस. म्हणून मी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलं, ढग, पिंप, दादाची काठी, काही गाळलं नाही. मनात म्हटलं, एकदा वहिनीला सांगून टाकलं की सुटले. सगळं सांगून झालंय, वहिनी. अजून माझ्याकडेच आहे.